राणीचा टोप आणि गोल बस

टोपवाली आत आली तेव्हा फिरकी आपल्या साडूच्या चहात चमचाभर मीठ ढवळत होता.

"बसा," तो म्हणाला. "फक्त ह्यांना आधी एक घोट घेऊ द्या."

साडूने घोट घेतला. त्याचं तोंड पिळलेल्या फडक्यासारखं झालं. टोपवाली रडत रडत आली होती, पण तिलाही खुदकन हसू फुटलं.

"हां, आता बोला," फिरकी म्हणाला. "रडणारा माणूस निम्मं गिळतो. हसलेला सगळं सांगतो."

फिरकीचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही डोकं खाजवावं लागायचं. धंदा गुप्तहेराचा, आणि सवय भेटेल त्याची फिरकी घेण्याची. साडू म्हणजे त्याच्या मेव्हणीचा नवरा. सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, "मोठे जावई म्हणजे काय डोकं! आणि धाकटे... स्वभावाने फार चांगले हो." ते 'स्वभावाने चांगले' साडूच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. एकदा, फक्त एकदा, चोर आपण आधी ओळखावा, म्हणून तो प्रत्येक भानगडीत फिरकीच्या मागे मागे यायचा.

"मी नाटक कंपनीत आहे," बाई म्हणाल्या. "नटांसाठी केसांचे टोप बनवते. आज दुपारी राणीचा टोप कुणीतरी कापला."

"कुणी?"

"ते ठाऊक असतं तर इथे कशाला आले असते? त्याच्याच झिंज्या उपटत बसले असते."

तिने सांगितलं ते असं. सकाळची तालीम संपून जेवणाची सुट्टी झाली. तिने टोपांच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली बोळातल्या खिळ्याला अडकवली आणि ती खालच्या कँटीनमध्ये गेली. तो खिळा सगळ्या कंपनीला माहीत. जेवून, चार गप्पा मारून वर आली, तर दार उघडं. टोप स्टँडवरच होता, पण समोरचा उंच अंबाडा मुळापासून छाटलेला. अंबाड्यातले मोती जमिनीवर. शेजारी तिचीच कात्री.

"मॅनेजर म्हणतो, किल्ली तुझी, कात्री तुझी, आणि जळफळाटही तुझाच. पूर्वी राणी मी करायचे. आवाज बसला तो बसलाच, मग टोप शिवायला लागले. तो म्हणतो, आजच्या खेळाच्या तिसऱ्या घंटेपर्यंत दुसरा कोणी सापडला नाही तर सामान उचल. या वयात मला दुसरी कुठली कंपनी घेणार?"

"आणि जळता का तुम्ही?" फिरकीने विचारलं.

"जळते की! रोज जळते. ती त्या उजेडात उभी राहते तेव्हा माझ्या पोटात कोळसे पडतात. पण टोप? एकेक केस सुईने ओवून बांधलाय मी. मी कापायचं ठरवलं तर राणीला कापेन, टोपाला का हात लावू?"

फिरकीने चप्पल पायात सरकवली. "चला. हे खरं बोलणारं गिऱ्हाईक आहे."

नाट्यगृहाला जायला गोल बस होती. ती एकाच दिशेने शहराला चक्कर मारायची: नाट्यगृह, मग वस्ती, मग पालिकेचं कार्यालय, मग बाजार, आणि परत नाट्यगृह. वाटेत टोपवालीने बोट दाखवलं.

"हेच ते कार्यालय. कँटीनमध्ये सगळी कंपनी माझ्या डोळ्यांसमोर जेवत होती. तिघंच नव्हते. तिघंही म्हणतात, आम्ही इथे होतो. रंगमंचावर किंवा मागे जो जाईल त्याला आता फोटोचं ओळखपत्र लागतं ना."

कार्यालयाला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी. दारावर मोठी पाटी होती: सरासरी प्रतीक्षा वीस मिनिटं. समोरच्या बसस्टॉपवर दुसरी पाटी: बस दर दहा मिनिटांनी.

"ओळखपत्र हातात देतात?" साडूने विचारलं.

"नाही हो. खिडकीत फोटो काढतात आणि घालवून देतात. ओळखपत्र मागाहून घरी येतं."

"म्हणजे कुणाकडेच पुरावा नाही," साडू हळहळला.

"तीन तोंडं आहेत की," फिरकी म्हणाला. "तोंडासारखा पुरावा नाही."

नाट्यगृहात दरबाराच्या प्रसंगाची उजळणी चालली होती. प्रजा रांगेत उभी. नगाऱ्याचा ठोका पडला की पुढचा फिर्यादी बाजूला, मागचे सगळे एक पाऊल पुढे. पुन्हा ठोका, पुन्हा एक पाऊल. सिंहासनावर बसलेला राजा मान डोलवत होता.

पहिली आली ती दुसरी राणी. म्हणजे खरी राणी आजारी पडली तर उभी राहायची, ती मुलगी. पण खरी राणी आजारीच पडत नव्हती.

"जळता का तिच्यावर?" फिरकीने विचारलं.

"म्हणजे काय! रोज झोपताना प्रार्थना करते, तिचा पाय मुरगळू दे म्हणून. मोडू नये, नुसता मुरगळावा. मी काही वाईट नाहीये."

"दुपारी कुठे होतात?"

"ओळखपत्राला. सुट्टी झाल्याझाल्या बस मिळाली. कार्यालयात काळं कुत्रं नव्हतं! कारकून कानात काडी घालून बसलेला. मला बघून त्यालाच आनंद झाला. फोटो काढला की बाहेर."

"मग लगेच परत?"

"कसली लगेच! स्टॉपवर उभी राहून मला मुळं फुटायची वेळ आली. एकही बस नाही. रडकुंडीला आले तेव्हा आल्या दोन, एकीच्या शेपटाला दुसरी. पहिली अशी खच्चून भरलेली की बस. ती सगळी माणसं तिथेच उतरली आणि गुळाला मुंगळे लागावेत तशी कार्यालयात घुसली. मागची रिकामी होती, मी तिच्यात बसले. इथे पोचले तर टोपवालीकाकूंचा आरडाओरडा चालू होता."

"तो टोप कधी घालून बघितलात?"

तिचे डोळे चमकले. "एकदा. गुपचूप. आरशात स्वतःला बघून मला रडू आलं. कापला त्याचे हात झडोत."

दुसरा राणीचा नवरा. हा नट नव्हे. पण बायकोला आणायला-सोडायला रोज यायचा, आणि विंगेत खुर्ची टाकून राजाच्या हातांवर पहारा द्यायचा.

"दुसऱ्या अंकात तो हिच्या खांद्यावर हात ठेवतो," तो दातओठ खात म्हणाला. "ठेवतो तो ठेवतोच!"

"नाटकात लिहिलंय ना तसं?"

"लिहिलंय 'ठेवतो'. 'ठेवून बसतो' असं लिहिलेलं नाही. मी वाचलंय."

"तुमची नजर बारीक आहे."

"त्याच्या बाबतीत तर हटतच नाही. परवा बाजारात एवढ्या गर्दीत पाठमोरा ओळखला मी त्याला. जेवण गेलं नाही त्या दिवशी."

"बायकोने नाटक सोडावं असं वाटतं?"

"वाटतं. पण टोप कापून काय होणार? दुसरा बांधतील. आणि ती राणी झाली की मला किती आवडते, तुम्हाला काय सांगू! तेच तर दुखणं आहे."

"बरं, दुपारी?"

"अहो, नका विचारू! वस्तीतल्या स्टॉपवर ताटकळलो. आली ती बस ठासून भरलेली. तिच्या मागेच दुसरी रिकामी, पण लोकांना दम कुठला? पायरीवर लोंबकळत गेलो. उतरलो तर सगळे माझ्यासारखेच ओळखपत्राला आलेले. रांग दाराबाहेर पायऱ्यांपर्यंत. पुढे एक आजोबा, त्यांना ऐकू येत नाही, कारकून ओरडतोय, आजोबा म्हणतायत 'जेवलो, जेवलो'. ते सरकले तर फोटोचं यंत्र अडकलं. पाय सुजले. आणि बोलायला ओळखीचं एक माणूस नाही अख्ख्या रांगेत."

तिसरा राजा. अंगावर झगा, पायात घरच्या सपाता.

"टोपाचं वाईट झालं," तो भारदस्त आवाजात म्हणाला. "राणी आली की टाळ्या पडतात त्या टोपालाच. ती अजून तोंड उघडत नाही, तेवढ्यात पडतात."

"आणि तुम्ही कधी येता?"

"तिच्या मागोमाग. टाळ्या चालूच असतात तेव्हा." तो हसला. "मोठा नट असल्या गोष्टी मनाला लावून घेत नाही."

"दुपारचं सांगता?"

"साधंच आहे. सुट्टी झाली. ही मुलगी गेली त्या बसनंतरची बस दहा मिनिटांत आली, तिने गेलो. माझ्यापुढे दहाएक माणसं होती. एक सरकला की दुसरा, दुसरा सरकला की तिसरा." त्याने उठून करून दाखवलं. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल, थांबणं. बघणाऱ्याला रांग दिसावी, इतकं झकास. "वीस मिनिटांत मोकळा. बाहेर आलो, पाचेक मिनिटांत बस."

"कंटाळा आला असेल."

"नाही, व्यवस्थित काम आहे त्यांचं."

राजा गेला आणि साडूने फिरकीचा दंड धरला. त्याचे कान लाल झाले होते.

"सापडला! म्हणजे, दोघांतला एक. ती म्हणते काळं कुत्रं नव्हतं. तो म्हणतो रांग पायऱ्यांपर्यंत. एकाच दुपारी, एकाच खिडकीपुढे! एक नक्की थापा मारतोय. आणि राजा बघा, बरोबर मधोमध. पाटीवर लिहिलंय तस्संच. म्हणजे राजा खरा."

"शाबास," फिरकी म्हणाला. "सासूबाईंना सांगतो मी."

"खरंच?" साडू पुरीसारखा फुगला.

"सांगतो. फक्त आधी रंगमंचावर चला. आणि टोपवालीकडून ते मोती मागून आणा."

दुसरी घंटा झाली होती. पडदा पाडलेला, पलीकडे लोकांची कुजबुज. अलीकडे मॅनेजर घड्याळाकडे बघत उभा. राणी उघड्या डोक्याने स्टुलावर, तिचा नवरा तिच्या मागे, दुसरी राणी विंगेत, राजा झगा सावरत मधोमध. टोपवाली कोपऱ्यात, हातात छाटलेला टोप, मेलेलं मांजर धरावं तसा.

"साडूभाऊ," फिरकी म्हणाला, "ह्या जमिनीवर काळे-पांढरे चौकोन रंगवलेत. हे मूठभर मोती असे ठेवा, की बघणाऱ्याला वाटावं, हातातून सांडलेत."

साडू गुडघे टेकून कामाला लागला. एक मोती इथे, एक तिथे. एका चौकोनात दोन पडू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून. शेवटी मागे सरकून त्याने आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं.

"छान. आता हे बघा." फिरकीने उरलेले मोती मुठीत घेतले आणि शेजारच्या चौकोनांवर खरोखरच सांडले. टपटप आवाज झाला. एका चौकोनात पाच-सहा एकमेकांना चिकटून, दुसऱ्यात दोन, आणि कितीतरी चौकोन ठणठणीत कोरडे.

"हे काय पोरखेळ चाललेत?" मॅनेजर खेकसला.

"पोरखेळच आहे. सांडलेलं असं दिसतं. घोळक्याने आणि खिंडारांनी. आणि माणूस 'सांडल्यासारखं' करायला गेला की साडूभाऊंसारखं करतो, सगळ्यांना सारखी जागा वाटून देतो. रांगही सांडलेलीच असते हो. माणसं काय घरून ठरवून निघतात, तू आधी, मी मग? कधी कुत्रं नसतं, कधी पायऱ्या भरतात. एक आजोबा 'जेवलो' म्हणत अर्धा तास खातात, दुसरा आला तसा सुटतो. बसगाड्यांचंही तेच. पुढची बस अडकली की स्टॉपवर माणसं साठतात. ती चढवताना बस आणखी अडकते. आणि मागची रिकामी तिला येऊन गाठते. मग जन्मभर बस नाही, आणि आल्या की दोन."

"पण पाटीवर तर वीस मिनिटं..." साडू पुटपुटला.

"ती सरासरी. सरासरी पाटीवर असते, माणसाच्या वाट्याला येत नाही. जो जातो त्याला एकतर काहीच थांबायला लागत नाही, नाहीतर तो सुजतो. आज तीन माणसांनी मला तीन रांगा सांगितल्या. दोन एकमेकांच्या उलट, म्हणून साडूभाऊंना त्यांतली एक खोटी वाटली. पण नीट ऐका. ही मुलगी म्हणाली, दोन बसगाड्या एकदम आल्या, पहिली भरलेली, मागची रिकामी. आणि राणीच्या नवऱ्याने तेच सांगितलं, बसच्या आतून. तिने पाहिली ती गर्दी म्हणजेच त्याची रांग! तिच्या वेळी कार्यालय ओस, आणि तिच्याच डोळ्यांदेखत ते भरलं. दोन्ही खरं."

"दोघांनी संगनमत केलं असेल," राजा म्हणाला.

"संगनमत?" नवरा उसळला. "ही रोज माझ्या बायकोचा पाय मुरगळायला बसलेली!"

दुसऱ्या राणीने विंगेत जीभ चावली.

"तेच म्हणतो मी," फिरकी म्हणाला. "आता तिसरी रांग. सगळं पाटीबरहुकूम. दहा मिनिटांत बस, वीस मिनिटांत काम, पाच मिनिटांत परतीची बस. राजेसाहेब, तुम्ही कुठल्या बसने गेलात?"

"सांगितलं की. तिच्या नंतरच्या."

"बस गोल फिरते, एकाच दिशेने. तुमची बस कार्यालयाच्या स्टॉपवर थांबली असती. तिथे ही मुलगी बससाठी रडकुंडीला आलेली. तुमची बस समोर आली असती तर तिने काय हात हलवून टाटा केला असता?"

राजाने झग्याची बाही ओढून सरळ केली. "मग... त्या भरलेल्या बसने गेलो असेन. गडबडीत लक्षात राहत नाही."

"त्या बसमध्ये हे होते," फिरकीने नवऱ्याकडे हात केला. "आणि नंतर आपल्या पुढची-मागची सगळी रांग ह्यांनी न्याहाळली. ओळखीचं एक माणूस नव्हतं, म्हणाले. प्रेम आंधळं असतं म्हणतात, मत्सर नसतो. बाजारात तुम्हाला पाठीवरून ओळखणारा माणूस तुम्हाला रांगेत चुकवेल?"

"शक्यच नाही," नवरा अभिमानाने म्हणाला.

"आणि तुम्ही चालून दाखवलंत ना, एक पाऊल, थांबणं, एक पाऊल? ती कार्यालयातली रांग नव्हे, ती इथली. नगाऱ्याच्या ठोक्यावर सरकणारी. तुम्ही रोज सिंहासनावरून तीच बघता. खऱ्या रांगेत उभं राहिलेला माणूस तिला शिव्या घालतो. तुम्ही म्हणालात, व्यवस्थित काम आहे! तिथेच माझी खात्री पटली."

"पण टोप तिने का नाही कापला?" मॅनेजरने विंगेकडे बोट केलं.

"ती आज ना उद्या स्वतःच्या डोक्यावर तो टोप घालायची स्वप्नं बघते. आणि बनावच रचायचा तर 'काम चटकन झालं' असं सांगून कोण स्वतःच्या गळ्यात फास अडकवेल? टोपही कसा कापलाय बघा. मागून शाबूत, फक्त समोरचा अंबाडा गेला. प्रेक्षकांना दिसतो तेवढाच. ज्याला नाटक बंद पाडायचं होतं त्याने तो जाळला असता. ह्याला फक्त टाळ्या बंद पाडायच्या होत्या." फिरकी राजाजवळ सरकला. "परवा कार्यालय उघडेल. त्यांच्या यंत्रात आज दुपारचा तुमचा फोटो निघाला, तर मी माझी मिशी ह्या बाईंना टोपात घालायला देईन."

पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. राजा हळूच सिंहासनावर बसला. आवाजातला भारदस्तपणा गेला होता.

"रोज," तो म्हणाला. "रोज मी तिच्या मागून येतो आणि ते केसांचं भेंडोळं माझ्यापुढे चालत असतं. लोक त्याला टाळ्या देतात. केसांना! मी इतकी वर्षं घासली या रंगमंचावर, आणि मी आलेला कुणाला दिसतच नाही. एक दिवस, म्हटलं, एकच दिवस आधी मी दिसावं." त्याने टोपवालीकडे पाहिलं. "तुमच्यावर येईल असं नव्हतं वाटलं."

"कात्री माझी वापरलीत," टोपवाली म्हणाली. "मग कुणावर येणार होतं?"

राजाने पायातल्या सपातांकडे पाहिलं.

"मीही जळते," ती म्हणाली. "दिवसभर कात्री माझ्या हातात असते आणि त्या पोरीची मान माझ्यासमोर. तरी मी अंबाडाच बांधते. केसाने गळा कापणं मलाही जमलं असतं."

राणीने नकळत मानेवरून हात फिरवला.

मॅनेजर कपाळ पुसत पुढे आला. "बाई, चुकलं माझं. नोकरी तुमचीच." मग राजाकडे वळला. "तुला आत्ता हाकलला असता, पण सगळी तिकिटं गेलीयत आणि दुसरा राजा नाही. पोलिसांत द्यायचं की काय करायचं ते ह्या ठरवतील."

"ते मागाहून," टोपवाली म्हणाली. "आधी टोप. मागचा भाग वापरता येईल. समोर भरायला खरे केस पाहिजेत. काळे, वीतभर तरी लांब. तिसरी घंटा थोडी लांबवा, मी टाके घालते."

"एवढ्यात केस आणायचे कुठून?" मॅनेजर ओरडला.

एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या. सिंहासनावर राजा बसला होता, आणि त्याचे स्वतःचे केस, काळेभोर, तेल लावलेले, खांद्यावर रुळत होते.

"अजिबात नाही!" तो किंचाळला. "हे माझे आहेत! वाढवायला किती..."

"डोक्यावर मुकुट असतोच की तुमच्या," राणीचा नवरा म्हणाला. बऱ्याच महिन्यांत तो एवढा खूश दिसला नव्हता.

"पोलीस की कात्री?" मॅनेजरने विचारलं.

राजाने राणीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पलीकडे लोक आता पाय आपटू लागले होते.

टोपवालीने स्टूल ओढलं, त्यावरची धूळ पदराने झटकली आणि कात्री एकदा उघडून मिटून पाहिली.

"या राजे," ती म्हणाली. "पुढे कुणी नाही. थेट तुमचाच नंबर."